चॅटमधला 'येतो' कुठं गेला?

आपल्याकडं कुणी उठून निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. पाहुणा असूदे, शेजारचा असूदे, नाहीतर आमच्या कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रात्री ग्लासभर धारोष्ण दूध पिऊन उठणारा माणूस असूदे, "चला, येतो" म्हटल्याशिवाय पाय निघत नाही, आणि कोण नुसताच उठून गेला तर मागं बसलेले विचारतात की ह्याला काय झालं, राग आला काय. हा शब्द मी याहू मेसेंजरवर शेकडो वेळा टाइप केलाय, तेव्हा मराठी फॉन्टची बोंबच होती म्हणून इंग्रजी अक्षरांत, पण शब्द हाच, "चल येतो". गेल्या दहा वर्षांत व्हॉट्सॲपवर हा शब्द मी कितीदा लिहिला असेल म्हणून परवा फोनमध्ये शोधून बघितलं तर जेवढे सापडले ते सगळे "अर्ध्या तासात घरी येतो" असले. निरोपाचा येतो एकसुद्धा नाही.

तिथनं हे सगळं डोक्यात सुरू झालं.

जुन्या चॅटच्या आठवणी काढायची आता एक पद्धतच पडलीये. याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला बंद झाला तेव्हा सगळ्यांनी ते पिवळे स्मायली शेअर केले, आयसीक्यू नावाचं तसलंच जुनं चॅट २६ जून २०२४ ला बंद झालं तेव्हा परत तेच, बझ मारल्यावर खिडकी कशी थरथरायची, ए-एस-एल म्हणजे वय, लिंग, ठिकाण विचारायचे, डायलअपचा तो कर्कश आवाज, काय दिवस होते राव. मला ह्यात चूक काही दिसत नाही, मीपण शेअर केलंय. पण उद्या याहूनं तोच मेसेंजर जसाच्या तसा परत चालू केला तर आपण जाणार काय? आठवडाभर जाऊ, मग परत व्हॉट्सॲपवर येऊ. म्हणजे हुरहूर त्या सॉफ्टवेअरची नाहीये. दुसरंच काहीतरी गेलंय, आणि ते नुसतं आठवणीत ठेवायची गोष्ट नाही, परत मागून घ्यायची गोष्ट आहे असं माझं म्हणणं आहे.

२००१ ची गोष्ट सांगतो. मी इंजिनिअरिंगला होतो आणि दादा नोकरीला मस्कतला गेला होता. फोनचा आयएसडी दर ऐकूनच आई रिसीव्हर खाली ठेवायची. राजारामपुरीत एका गल्लीत पहिल्या मजल्यावर सायबर कॅफे होता, प्लायवूडच्या केबिन, तासाला तीस रुपये. (कोल्हापुरात "सायबर" म्हटलं की आधी १९७६ पासूनचं कॉलेजच, चौकालापण नाव तेच, त्यामुळं घरात "सायबरला जाऊन येतो" म्हटलं की कुठल्या ते सांगावं लागायचं.) दादा मेल करायचा, रविवारी रात्री नऊला ये, आमचे नऊ म्हणजे तिकडं साडेसात. आई सोबत यायची, प्लास्टिकच्या स्टुलावर बसायची, आणि आम्ही दोघं त्या मित्रांच्या यादीकडं बघत बसायचो. दादाच्या नावापुढचा चेहरा करडा असायचा. मग एकदम दार ठोठावल्यासारखं ठकठक वाजायचं आणि चेहरा पिवळा व्हायचा. आईला वाचता यायचं नाही असं नाही, पण स्क्रीनवरचं इंग्रजी अक्षरांतलं मराठी तिला लागायचं नाही, मी मोठ्यानं वाचून दाखवायचो, ती बोलायची ते टाइप करायचो. जेवलास काय. भात मिळतोय काय तिथं. पाऊण तास जायचा, कॅफेवाला बाहेरनं सांगायचा दहा मिनिटं राहिली, आणि मग दादा लिहायचा "चल येतो, पुढच्या रविवारी". मग दार बंद झाल्याचा आवाज, चेहरा परत करडा. आई तेव्हाच उठायची, त्याच्या आधी नाही.

त्या पाऊण तासात दादा पूर्ण आमचा होता आणि आम्ही त्याचे. आठवड्याचे बाकीचे तास तो त्याचा होता, आम्ही आमचे. आज दादाबरोबर रोज दहा-वीस मेसेज होतात, पण त्यातला एक सकाळी सातला, त्याचं उत्तर दुपारी दोनला, मध्ये एक अंगठा, रात्री फॉरवर्ड. बोलणं कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे दोघांपैकी कुणालाच सांगता येणार नाही.

ते आवाज उगीच ठेवलेले नव्हते. भारतात व्हीएसएनएल ह्या सरकारी कंपनीनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला चालू केलं, आयसीक्यू १९९६ मध्ये इस्रायलमधनं आलं, १९९७ ला अमेरिकेत एओएलचा मेसेंजर आला आणि त्यात मित्र आला की दार उघडल्याचा आणि गेला की दार बंद झाल्याचा आवाज यायचा, १९९८ च्या मार्चमध्ये याहू पेजर आला तोच पुढं याहू मेसेंजर झाला, १९९९ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टचा एमएसएन. आपला रेडिफ बोलपण होता. ह्या सगळ्यांच्यात भांडणं होती, एकमेकांशी पटत नव्हतं, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, ते म्हणजे माणूस एकतर आत आहे नाहीतर बाहेर आहे. साइन इन केलं की आत. साइन आउट केलं की बाहेर. आणि आत असताना नावाखाली एक पाटी, अव्हेलेबल, बिझी, लगेच येतो, जेवायला गेलोय, किंवा आपल्याला हवं ते लिहायचं. परीक्षा आहे म्हणून लिहिलं की समोरचा दोन ओळी टाकून गप्प बसायचा, नंतर वाचेल म्हणून.

आता कोण म्हणेल की हे काय कुणी उदारपणानं दिलेलं नव्हतं, डायलअप होतं, लाइन मिनिटावर मोजली जायची, घरचा फोन एंगेज लागायचा, म्हणून माणूस खरोखरच आत किंवा बाहेर असायचा आणि सॉफ्टवेअर तेवढंच दाखवायचं. बरोबर आहे, मान्य. पण अडचणीतनं आलेली रीत म्हणजे वाईट रीत असं थोडंच आहे. बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आता ट्रॅक्टर आला म्हणून त्या दिवशी गड्यालाही सुट्टी नको असं कुणी म्हणालं तर आपण ऐकून घेणार नाही. तंत्र बदललं म्हणून माणसाला विसावा लागायचा थांबत नाही.

दार गेलं ते कसं गेलं हे नीट बघण्यासारखं आहे, कारण ते ज्यांनी काढलं त्यांना दार काय असतं हे माहीत होतं. व्हॉट्सॲप काढणारे जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन दोघंही आधी याहूत नोकरीला होते. २००९ मध्ये त्यांनी ॲप काढलं ते मेसेज पाठवायला काढलंच नव्हतं, नुसत्या पाट्या दाखवायला काढलं होतं, फोनच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढं तो माणूस आत्ता काय करतोय ते दिसावं. जुन्या फोनवर तुम्हाला आठवत असेल, तयार पाट्यांची यादी यायची, बिझी, शाळेत, सिनेमाला, मीटिंगमध्ये, झोपलोय, बॅटरी संपत आलीये, फक्त अर्जंट कॉल. म्हणजे हे जगातलं सगळ्यात मोठं मेसेंजर जन्मलं ते दारावरच्या पाटीतनं. त्याच वर्षी आयफोनमध्ये पुश नोटिफिकेशन आलं, ॲप बंद असलं तरी फोन वाजायला लागला, लोक पाटी बदलून एकमेकांशी बोलायलाच लागले, मग त्यांनी सरळ मेसेजची सोय दिली. इथनं पुढं साइन आउट करायचं कारणच राहिलं नाही. फोन चालू म्हणजे माणूस आत. आणि फोन तर कायमच चालू.

मग फेब्रुवारी २०१७ मध्ये 'स्टेटस' ह्या शब्दाचा अर्थच बदलला. चोवीस तास राहणारे फोटो-व्हिडिओ म्हणजे स्टेटस, आणि ती जुनी एका ओळीची पाटी लोकांनी ओरड केली म्हणून परत आणली पण 'अबाऊट' नावानं आत कुठंतरी कोपऱ्यात, जिथं बघायला कोण जात नव्हतं. मला हा बदल फार मोठा वाटतो. आधीचं स्टेटस दुसऱ्याची सोय बघायचं, मी आत्ता आहे का, मला हाक मारू का नको. नवीन स्टेटस म्हणजे चौकातला फ्लेक्स. वाढदिवस, नेता, जात, धर्म, मीच भारी. आणि फ्लेक्सचं जे होतं तेच स्टेटसचंपण व्हायला लागलं. ७ जून २०२३ ला आपल्या कोल्हापुरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, काही जणांनी ठेवलेल्या स्टेटसवरनं बंद, शिवाजी चौकात गर्दी, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर आणि शेवटी शहराचं इंटरनेटच बंद. राजर्षी शाहूंच्या गावात. त्यामागं नुसतं एक ॲप आहे असं मी म्हणणार नाही, पेटवणारी माणसंच होती आणि त्यांची कारणं जुनी आहेत. पण "मी जेवायला गेलोय" एवढं सांगायची जागा जेव्हा शंभर-दोनशे लोकांपुढं झेंडा लावायची जागा होते तेव्हा पेटवणाऱ्याला आयती काडेपेटी मिळते, हेपण खरंच आहे.

रोजचा त्रास मात्र दंगलीसारखा दिसत नाही, तो घरात असतो. माझी बायको शिक्षिका आहे, सरकारी शाळेत. तिच्या फोनमध्ये शाळेचे, केंद्राचे, तालुक्याचे, कसल्या कसल्या प्रशिक्षणाचे, पालकांचे मिळून चौदा ग्रुप आहेत. रात्री साडेनऊला "उद्या सकाळी १० पर्यंत माहिती सादर करावी, विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील" असा मेसेज पडतो आणि त्याखाली सत्तर जण "ओके सर" करतात, न केलेला लगेच दिसतो. गौरी जेवायच्या दिवशी ती पुरणाचे हात धुऊन एक्सेल शीट भरत बसली होती. पाठवणारा माणूस दुष्ट आहे असंही नाही, त्यालापण वरनं तसाच मेसेज आलेला असतो. पूर्वी परिपत्रक शाळेत यायचं, शाळा बंद म्हणजे परिपत्रक बंद. आता शाळा खिशात आहे. आशाताईंचं, ग्रामसेवकांचं, शिरोली एमआयडीसीत शिफ्ट संपवून घरी आलेल्या सुपरवायझरचं हेच आहे, मी स्वतः फाउंड्रीत प्लॅनिंगला आहे, मला माहितीये रात्री अकराला "उद्याच्या हीटचं काय" (हीट म्हणजे भट्टीत धातू वितळवायची एक खेप) आला की झोपेचं काय होतं. खाजगीत सगळे हेच बोलतात, ग्रुपवर कोण बोलत नाही.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायदा आहे, कामाच्या वेळेनंतर संपर्कात राहायचं नाही म्हणायचा हक्क. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑगस्टमध्ये आला. आपल्याकडं सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, खासगी विधेयकांचं जे बहुतेक वेळा होतं तेच त्याचं झालं, मंजूर झालं नाही. कायदा पाहिजेच, मी त्याच्या बाजूनं आहे. पण कायद्यात कोर्ट आलं, तक्रार आली, आणि तक्रार करणाऱ्या बाईची पुढची बदली कुठं होईल ही भीती आली. त्याच्या आधी साधी सोय द्या ना. ॲपमध्ये एक बटण, मी बाहेर आहे. ते दाबल्यावर मेसेज दाराशी थांबतील, हरवणार नाहीत, याहूवरसुद्धा ऑफलाइन मेसेज थांबायचेच की, आणि पाठवणाऱ्याला पाठवायच्या आधीच दिसेल की ही बाहेर आहे, सकाळी दहाला येईल.

ह्यावर लोक म्हणतात की आता हे सगळं आहेच की, ग्रुप म्यूट करा, लास्ट सीन लपवा, ब्लू टिक बंद करा, आणि २०२२ च्या ऑगस्टपासून तर ऑनलाइन आहे हेपण लपवता येतं. हो येतं. पण लपणं आणि सांगणं ह्यात फरक आहे. दाराला पाटी लावून आत झोपणारा माणूस आणि कडी लावून दिवा बंद करून, कोण आलं तर श्वास रोखून बसणारा माणूस, दोघंही भेटत नाहीत, पण दुसऱ्याबद्दल संशय येतो. लास्ट सीन लपवलं की विचारतात काय लपवतोस. म्यूट केलं तर पाठवणाऱ्याला कळत नाही, तो समजतो वाचलं आणि उत्तर दिलं नाही. किती घरांत ह्यावरनं भांडणं होतात बघा, निळी टिक पडली आणि दोन तास उत्तर नाही. याहूतपण इनव्हिजिबल होतंच, लोक लपायचे, खोटं कशाला बोलू, कोण लपलंय ते शोधून देणाऱ्या वेबसाइटपण होत्या. पण लपणं हा तिथला एक पर्याय होता. पाटी त्याच्या शेजारीच, डोळ्यांसमोर होती.

जुनं सगळं चांगलं होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. चॅटरूममध्ये मुलीचं नाव घेऊन गेलं की काय यायचं ते माझ्या वर्गातल्या मुलींनी तेव्हाच सांगितलंय, दोन मिनिटांत वीस खिडक्या उघडायच्या आणि त्यातल्या एकातही धड बोलणं नसायचं, कॅफेत मागं उभं राहून बघणारे वेगळेच. लहान मुलांना गाठायला लोक खोल्या उघडतात हे बाहेर आल्यावर याहूला २००५ मध्ये लोकांनी उघडलेल्या खोल्या बंद कराव्या लागल्या आणि २०१२ च्या डिसेंबरात सार्वजनिक चॅटरूमच गेल्या. आणि ते चॅट कुणाचं होतं? तासाला तीस रुपये देऊ शकणाऱ्याचं, इंग्रजी कीबोर्ड येणाऱ्याचं, शहरातल्या पोराचं. माझी आई स्टुलावर बसून होती, कीबोर्डवर नव्हती. तिला स्वतःचं बोलणं मिळालं ते व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजनं, आज ती कागलला मावशीला दिवसातनं चारदा मेसेज करते, मला मध्ये घेत नाही. हे मोठं काम झालंय आणि ते कुणी परत मागू नये.

पुराचं तर सांगायलाच नको. जुलै-ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी सगळ्या ग्रुपवर फिरते, एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस फूट धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोराला पाठ आहेत. २०१९ ला आणि २०२१ ला रात्रभर लोक जागे होते, कुठं बोट पाहिजे, कुठं म्हातारं माणूस अडकलंय, कुणाच्या गोठ्यात पाणी शिरलं, हे सगळं फोनवरच चाललं होतं आणि त्या रात्री कुणी साइन आउट व्हावं असं मी म्हणणार नाही. पण नदी त्रेचाळीस फुटांवर असतानाची शिस्त आपण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस लावून घेतलीये. खऱ्या अडचणीला फोन करतात की माणसं, रिंग वाजते. पुराच्या रात्रीपण शेवटी फोनच केले. "माहिती सादर करावी" म्हणजे पूर नव्हे.

अजून एक गोष्ट दाराशीच जोडलेली आहे. बाहेर पडायचं तर बाहेर दुसरीकडं जायला जागा पाहिजे. तेव्हा एका माणसाकडं याहू, आयसीक्यू आणि एमएसएन तिन्ही असायचे, ट्रिलियन किंवा पिजिन टाकलं की सगळे एका खिडकीत, ऑफिसात काही टाकायला बंदी असली तर मीबो ब्राउझरमध्ये चालायचं. गूगल टॉक २००५ मध्ये आला तो एक्सएमपीपी नावाच्या खुल्या पद्धतीवर, म्हणजे ईमेलसारखं, तुझी कंपनी वेगळी माझी वेगळी तरी बोलणं होतंय. मग एकेकानं दारं लावून घेतली, गूगलनं हँगआउट्स नावाचं नवं चॅट आणलं आणि ती खुली पद्धत सोडून दिली, फेसबुकनंपण सोडली, आणि २०१४ मध्ये फेसबुकनं व्हॉट्सॲप एकोणीस अब्ज डॉलरला घेतलं. आज माझ्या बायकोनं व्हॉट्सॲप काढून टाकायचं म्हटलं तर तिला नोकरी, पोराची शाळा, गॅस सिलिंडरवाला, भिशी आणि माहेर हे सगळं एकदम सोडावं लागेल. युरोपनं आता कायदा करून मोठ्या मेसेंजरला दुसऱ्या ॲपशी बोलायला भाग पाडायला सुरुवात केलीये. आपल्या देशात व्हॉट्सॲप वापरणारे जगात सगळ्यात जास्त, मग ही मागणी आपण का करत नाही? स्वदेशी ॲप आलं की दोन आठवडे सगळे डाउनलोड करतात आणि तिकडं कोण नाही म्हणून परत येतात. ॲप स्वदेशी असूदे नाहीतर परदेशी, एकातनं दुसऱ्याला हाक मारता येत नसेल तर काय फरक पडतो.

सरकारी ग्रुपपुरतं तर उद्यापासून करता येईल. ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं ठेवायची सोय आहेच, तिचा उलटा उपयोग करा, संध्याकाळी सहानंतर ॲडमिननंसुद्धा लिहायचं नाही, लिहायचं असेल तर फोन करायचा आणि त्याची नोंद ठेवायची. फोन करायचा म्हटलं की रात्री साडेनऊचे निम्मे मेसेज सकाळी दहाला जातील असं मला वाटतं, कारण फोन करताना समोरच्याचं घर कानाला ऐकू येतं, कुकरची शिट्टी, पोराचं रडणं, आणि मग माणूस म्हणतो राहूदे ताई, उद्या बोलू.

गेल्या महिन्यात बायकोनं त्या अबाऊटमध्ये लिहून ठेवलं, "शाळेची वेळ १० ते ५. त्यानंतर अर्जंट असेल तर फोन करा." तीन आठवडे झाले. मेसेज तसेच येतायत, कारण ग्रुपवर लिहिताना ती ओळ दिसतच नाही, ती बघायला तिच्या नावावर दाबून आत जावं लागतं. एकाच बाईनं वाचली, तिच्या वर्गातल्या एका पोराच्या आईनं. तिनं रात्री लिहिलेला मेसेज पुसून टाकला आणि सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन केला, "बाई, आता बोलू काय?"